गासमधली रिकामी दावण

सकाळी नऊला पोलीस ठाण्यातला फोन वाजला तेव्हा फौजदार सिप्रियन डाबरे चहात पाव बुडवत होते. पाव चहातच राहिला. पलीकडे रुग्णालयातले डॉक्टर होते.

"गास गावचा पेशंट होता. जितेंद्र भोईर, वय अडतीस. तासाभरापूर्वी गेला. फवारणीच्या औषधाची विषबाधा दिसतेय. कुणाला तरी पाठवा."

"स्वतः घेतलं की कुणी दिलं?"

"ते तुम्ही शोधा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

डाबऱ्यांना निवृत्त व्हायला सात महिने उरले होते. त्यांचं मन तसं बोळिंजच्या घरच्या वाडीकडेच लागलेलं. त्यात विषाची केस म्हटली की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. चाकूच्या केसमध्ये एक माणूस खोटं बोलतो, विषाच्या केसमध्ये अख्खं घर खोटं बोलतं, असा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव होता.

रुग्णालयात डॉक्टरांनी पाढा वाचला. तोंडातून लाळेची धार, दरदरून घाम, डोळ्यांतून पाणी, उलट्या. नाडी दीडशेच्या घरात.

"शेतीवाल्या माणसात ही लक्षणं आम्ही नेहमी बघतो. त्यावरचं इंजेक्शन दिलं, झोपवून घशात नळी घातली. पण छातीचे ठोके वेडेवाकडे पडायला लागले आणि सकाळी हृदय बंदच पडलं."

बाहेर बाकावर जितेंद्रची बायको रिद्धी बसली होती. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. तिच्याशेजारी जितेंद्रचा चुलत भाऊ श्रीपत उभा होता. पन्नाशीचा, अंगानं दणकट, बोलायला मऊ.

"काय झालं, नीट सांगा," डाबरे म्हणाले.

"तीन दिवस बरं नव्हतं त्यांना," रिद्धी म्हणाली. "हात दुखतोय म्हणायचे. छातीत धडधडायचं. नाक्यावरच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, म्हणाले हार्टचं वाटतं. काल सकाळी वहिनींनी चहा दिला. एक घोट घेतला आणि असा ठसका लागला! कप फेकून दिला त्यांनी. मग लाळच लाळ."

"वहिनी म्हणजे?"

"मथुरावहिनी. मोठ्या भाऊजींची बायको. भाऊजी जाऊन वीस वर्षं झाली, आमच्यातच राहतात."

श्रीपत घसा खाकरून पुढे झाला. "साहेब, घरातलं बाहेर बोलू नये. पण जमिनीवरून दोघांचं रोज वाजायचं. हा म्हणायचा, बिल्डरला देऊ. ती सही करीना. आता मी कुणाचं नाव घेत नाय. पण चुलीमागं एकदा बघून घ्या."

"चुलीमागं का?"

"बायका तिथंच ठेवतात ना असलं काय काय."

चुलीमागे बाटली निघाली. अर्धी रिकामी, नावाचा कागद भिजून गेलेला. वांग्यावर मारतात ते औषध. डाबऱ्यांनी रुमालानं धरून झाकण उघडलं. झाकणाच्या आत काळ्या रबराची एक गोल चकती बसवली होती. सायकलच्या ट्यूबमधून कापलेली, अगदी नेटकी. त्यांनी झाकण पुन्हा लावलं आणि पंचनाम्यात चकतीचीही नोंद करायला लावली. हवालदार गालात हसला. साहेब म्हातारे झाले, असं त्याला वाटलं असणार.

मथुराबाई ठाण्यात आल्या त्या अनवाणी. बावन्न वर्षांची काटक बाई, केस अर्धे पांढरे. महिला शिपाई जागृती त्यांच्याशेजारी बसली.

"चहा कोणी केला?"

"मीच. रोज मीच करते."

"त्यात काय घातलं?"

"आलं, आनि गवती पात. त्याला आवडते."

"ही बाटली कोणाची?"

"मला ठावं नाय, बाबा. माज्या चुलीमागं लाकडं असतात."

"जितेंद्रशी भांडण होतं ना?"

"होतं की. घरात भांडायचं नाय तर कुठं भांडायचं? आठ वर्सांचा होता, मी लग्न होऊन आले तवा. त्याला न्हाऊ घातलंय मी. जमीन इकायची नाय बोलले, तर तोंड फुगवायचा, आनि सांच्याला माज्याच हातचं जेवायचा." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "म्हस मेली तेवापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आनि आता त्योच गेला."

बोलताना त्या उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत चोळत होत्या. जानेवारीचा गारवा होता. हातावरचा काटा दिसत होता. जागृतीनं पाण्याचा ग्लास पुढे केला.

"नको, पोरी. घोट उतरत नाय."

"सकाळपासून काही घेतलं नाहीये तुम्ही."

"माजं पोर गेलंय. कसं उतरंल?"

मोठे साहेब दारातून बघत होते. त्यांनी डाबऱ्यांना बाहेर बोलावलं. "घाम बघा तिला फुटलेला, थंडीत. जागृती म्हणते नाडी धावतेय. निर्दोष माणसाचं काळीज असं उडत नाही, डाबरे. कागद तयार करा."

कागद तयार झाले. कोर्टानं पाच दिवसांची कोठडी दिली. गाडीत बसताना मथुराबाईंनी डाबऱ्यांची बाही धरली.

"सायबा, वालाच्या शेंगा तोडायच्या ऱ्हायल्यात. दोन दिस गेले की जून होतात, मंग फुकट. घरी कधी सोडाल?"

"खोटं बोलत नसाल तर सोडीन," डाबरे म्हणाले. "माझा शब्द."

हा शब्द देताना त्यांना फार काही वाटलं नाही. असे शब्द पोलीस रोज देतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टर निधींचा निरोप आला. या बाई तरुण होत्या, पण घाईघाईनं सही करणाऱ्यातल्या नव्हत्या.

"डाबरे साहेब, तुमचं विष मला सापडत नाहीये."

"म्हणजे?"

"या औषधाचा पहिला परिणाम रक्तातल्या एका घटकावर होतो. तो पार खाली जातो. भरती झाला तेव्हाचं त्याचं रक्त मी तपासून घेतलं. घटक जागच्या जागी आहे. पोटात वास नाही, आतड्याला भाजल्याची खूण नाही."

"मग मेला कशानं?"

"हृदयानं. पण नळ्या तुंबून नव्हे. हृदयाच्या स्नायूलाच जागोजागी सूज आहे. जबड्याखालच्या लाळेच्या ग्रंथीही सुजल्यात. हे कुठल्या तरी विषाणूचं काम वाटतं. कुठल्या, ते आज सांगता येत नाही. मी सगळीकडचे तुकडे पाठवलेत. त्याला आधी काही चावलं होतं का?"

"बायको नाही म्हणते. अंगावर खूण?"

"उजव्या हातावर कोपराखाली एक जुना ओरखडा आहे. भरून आलेला. दीड-दोन महिन्यांचा असेल. दाताचा नाही म्हणता येत, हो पण म्हणता येत नाही. कुत्र्याच्या सुळ्याचा तर नक्कीच नाही. रुंद आहे."

डाबरे ठाण्यात परतले. मोठ्या साहेबांना सांगून बघितलं. साहेब म्हणाले, "प्रयोगशाळेचा कागद येऊ दे. तोवर बाई आत." यावर फौजदारानं काय करायचं असतं? काही नाही. डाबरे कोठडीकडे गेले. मथुराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पदर तोंडाला लावलेला आणि ओला. डोळ्यांतून सारखं पाणी वाहत होतं.

"रात्रीपासून असंच," जागृती हळूच म्हणाली. "रडणं थांबत नाही. थुंकतात सारख्या पदरात. जेवणाला हात लावला नाही. पंखा लावला तर बंद करा म्हणतात."

दुःखाला कोण काय बोलणार? डाबरे परत फिरले. पुढं आयुष्यभर त्यांना ते परत फिरणं आठवायचं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच गासला गेले. भोईरांचं घर रस्त्यापासून आत, भाताची खाचरं आणि भाजीचे वाफे यांच्या मध्ये होतं. मागच्या वाफ्यात वालाच्या वेलांना शेंगा लगडल्या होत्या. त्या अजून कुणी तोडल्या नव्हत्या. त्याच्या बाजूला गोठा.

गोठा लख्ख धुतलेला होता. दावण रिकामी. खुंटाला दाव्याचा तुकडा तसाच. वळचणीला जनावराला औषध पाजायची बांबूची नळी खोचलेली. डाबऱ्यांच्या घरी त्यांच्या लहानपणी दोन म्हशी होत्या. अशीच नळी त्यांच्याही गोठ्यात असायची. त्यांनी ती काढून बघितली. टोकाला दातांनी चावून चावून कुसं निघाली होती.

पलीकडे केळींची रांग होती. त्या रांगेपासून तुटून, मध्येच जमिनीच्या एका उंचवट्यावर केळीची दोन नवी रोपं लावली होती. मातीवर मिठाची पांढरी खपली.

"म्हैस इथं पुरलीय का?" त्यांनी रिद्धीला विचारलं.

"हो. नोव्हेंबरच्या शेवटी गेली."

"कशानं?"

"घशात काहीतरी अडकलं होतं. केळीचा बुंधा चिरून घालायचो तिला, त्यातलाच तुकडा असेल असं हे म्हणायचे."

"कशावरून अडकलं म्हणता?"

"तोंडातून लाळ गळायची. घमेल्यात तोंड घालायची, पण पाणी आत जायचं नाही. आवाज बसला होता, घोगरा ओरडायची. बघवत नव्हतं हो."

डाबऱ्यांनी गोठ्याकडे वळून बघितलं. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला तो अगदी सावकाश.

"मग हात कोणी घातला?"

रिद्धीला या प्रश्नाचं नवल वाटलं नाही. आपल्याकडे तीच रीत. जनावराच्या घशात काही अडकलं की मालकानं बाही वर करायची आणि हात घालायचा. डॉक्टर येईपर्यंत जनावर जाईल, आणि मालकाचा हात ते ओळखतं, असं सगळे मानतात. डाबऱ्यांच्या वडिलांनी घातला होता. एकदा बाराव्या वर्षी खुद्द डाबऱ्यांनीही घातला होता आणि आंब्याची कोय काढून दाखवली होती. सगळ्या आळीनं पाठ थोपटली होती त्यांची.

"ह्यांनी घातला," रिद्धी म्हणाली. "पार कोपरापर्यंत. तिच्या दाढेनं खरचटलं पण. काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी परत घातला. मग चौथ्या दिवशी ती गेली."

"जबडा कोणी धरला?"

"मथुरावहिनींनी. जीभ बाहेर ओढून धरली होती दोन्ही हातांनी. त्यांना विळी लागली होती बोटाला, तरी सोडली नाही. जीव होता त्यांचा तिच्यावर."

"आणि दावं?"

"श्रीपतभाऊजींनी. ते लांबून धरून उभे होते. म्हणाले माझी कंबर दुखते, मी जवळ येत नाही."

डाबरे वाफ्याच्या बांधावर खालीच बसले. तिथूनच त्यांनी डॉक्टर निधींना फोन लावला आणि ऐकलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"पिसाळलेली होती ती," निधी म्हणाल्या. "तिला कुत्रा चावला असणार. जखम असलेल्या हाताला तिची लाळ लागली. रेबीज."

"पण बाई, माणूस पिसाळला की भुंकतो, पाण्याला भितो म्हणतात. हा तर छातीनं गेला."

"लोकांना तेवढंच माहीत असतं. हा विषाणू जखमेपासून नसांच्या वाटेनं मेंदूत चढतो, हे खरं. पण तिथं तो थांबत नाही. त्याच वाटांनी उलटा अंगभर उतरतो. लाळेच्या ग्रंथीत उतरतो, म्हणून लाळ. हृदयाच्या स्नायूत उतरतो, म्हणून धडधड, आणि कधीकधी बाकीची लक्षणं ओळखू यायच्या आधीच हृदय थांबतं. आतड्यात उतरतो, डोळ्याच्या बुबुळात उतरतो, मानेवरच्या केसांच्या मुळापर्यंत जातो. अंगावर काटा येतो, थंडीत घाम येतो, डोळे गळतात. सगळं शरीरच फितूर होतं. औषधाच्या विषासारखंच दिसतं ते. आणि त्याला झोपवून नळी घातल्यावर पाण्याची भीती दिसणार कुणाला?"

डाबऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोठडी आली. काटा. घाम. गळणारे डोळे. उजवा हात चोळणारी बाई. घोट उतरत नाय, पोरी.

"डाबरे साहेब?"

"बाई, कोठडीत एक बाई आहे," ते बांधावरून उठत म्हणाले. "तिनं जबडा धरला होता."

पाच मिनिटांत जागृतीला फोन गेला, दहाव्या मिनिटाला गाडी निघाली. मोठ्या साहेबांना नंतर विचारलं. मथुराबाईंना रुग्णालयात नेलं. मानेवरच्या केसांखालच्या कातडीचा कणभर तुकडा आणि लाळ तपासायला गेली. जितेंद्रची शुश्रूषा केलेली म्हणून रिद्धीला इंजेक्शनं सुरू करायचं ठरलं. तिला अजून काही झालं नव्हतं. तिच्यासाठी वेळ होता.

डाबऱ्यांचं मात्र काम उरलं होतं. म्हशीला कुत्रा चावला, तर तो कुत्रा कुणाचा?

श्रीपतचं घर बांधापलीकडेच होतं. आंब्याच्या बुंध्याला एक साखळी गुंडाळलेली होती. तिला गंज चढत चालला होता. खाली एक जर्मनची थाळी पालथी. साखळीला कुत्रा नव्हता. श्रीपतही घरी नव्हता, बाजारात गेला होता. पंपाच्या खोपटाचं दार उघडं होतं. डाबऱ्यांनी दारातूनच आत बघितलं. फळीवर डिझेलचा डबा, तेलाचे दोन डबे, फवारणीच्या तीन बाटल्या. प्रत्येकाच्या झाकणाच्या कडेला काळं रबर दिसत होतं. गळू नये म्हणून सायकलच्या ट्यूबची चकती. काही माणसं फार नीटनेटकी असतात.

तिथून ते पालिकेच्या आरोग्य केंद्रात गेले. नर्स लुईझाबाईंनी श्वानदंशाची वही काढून दिली. डाबरे पानं उलटत ऑक्टोबरपर्यंत आले. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. ते पान त्यांनी तीनदा वाचलं.

"ही पाच इंजेक्शनं?" त्यांनी विचारलं.

"हो. एकही चुकवलं नाही त्यांनी," लुईझाबाई म्हणाल्या. "असे पेशंट कमी. बाकीचे तिसऱ्यानंतर येत नाहीत."

दुपारी चारला श्रीपतच्या अंगणात चौघं होती. डाबरे, हवालदार, श्रीपत आणि भिंतीला धरून उभी राहिलेली रिद्धी. डाबऱ्यांनी बाटली बाजेवर ठेवली.

"श्रीपत, कुत्रा कुठाय तुझा?"

"पळाला, साहेब. झाले तीन-चार महिने."

"साखळी सोडून पळाला, का साखळीसकट?"

"सुटला असंल."

"तुला चावून पळाला, का चावायच्या आधी?"

श्रीपतची नजर आंब्याच्या साखळीकडे गेली.

"मी वाचून दाखवतो," डाबरे म्हणाले आणि त्यांनी खिशातून कागद काढला. "अठरा ऑक्टोबर. श्रीपत भोईर, गास. उजवी पोटरी. घरचा कुत्रा. कुत्र्याचं काय झालं? पळाला. पाच इंजेक्शनं पूर्ण. घरचा कुत्रा चावला म्हणून कुणी पाच-पाच इंजेक्शनं घेत नाही, श्रीपत. हळद लावतो आणि कुत्र्याला एक लाथ घालतो. तुला ठाऊक होतं तो पिसाळलाय. मारलास ना?"

"मारला," श्रीपत खालच्या आवाजात म्हणाला. "खाडीकडं नेऊन पुरला."

"पण तुला चावायच्या आधी तो बांधावरून पलीकडं गेला होता. दावणीला बांधलेल्या म्हशीकडं."

"नाकाला चावला तिच्या. एवढंसं. मी म्हटलं म्हशीला काय होतंय."

"सांगितलं का नाहीस?"

"साहेब, चार दिवसांनी ती व्याली. वहिनीनं खरवस वाटला सगळ्या आळीत, अकरा घरांत. माज्या सुनेनं खाल्ला, तिला सातवा महिना. आता म्हटलं असतं की म्हशीला पिसाळलेला कुत्रा चावलाय, आनि तोही माजा, तर आळीनं मला जिता ठेवला असता? रोज म्हणायचो, उद्या सांगतो."

"आणि म्हशीला लाळ सुटली तेव्हा?"

"तेवा मला कळलं."

"कळलं. म्हणून लांब उभा राहिलास. कंबर दुखते म्हणालास. तुझ्या दंडात पाच सुया होत्या तरी तू लांब उभा राहिलास, आणि सख्ख्यासारखा वाढलेला भाऊ तुझ्यासमोर कोपरापर्यंत हात घालत होता. दोनदा. तेव्हासुद्धा तोंड उघडलं असतंस तर दोघं केंद्रात गेली असती. वेळ होता. पुढचे काही आठवडे वेळ होता. रोज."

रिद्धी श्रीपतकडे बघत होती.

"मग जितेंद्रला चहाचा ठसका लागला," डाबरे पुढे म्हणाले. "बाकीच्यांना वाटलं चहात काहीतरी आहे. तुला मात्र त्याच क्षणी कळलं, काय आहे ते. म्हैसही अशीच घमेल्यापाशी अडखळली होती. खरं बाहेर आलं असतं तर कुत्र्यापर्यंत आलं असतं. विष म्हटलं तर चहापर्यंतच थांबतं. घरचे रुग्णालयात गेले, तू चुलीमागं बाटली ठेवलीस. आणि मला सांगितलंस, चुलीमागं बघा. बाटली तुझी आहे. तिच्या झाकणात बसवलेली चकती तुझ्या खोपटातल्या प्रत्येक डब्याला आहे. जितेंद्रकडं अशी एकही नाही."

"वहिनीला सोडतील असं वाटलं, साहेब," श्रीपत म्हणाला. तो आता रडत होता. "तिनं काय केलंच नव्हतं. आज ना उद्या सोडतीलच."

"सोडणार आहोत," डाबरे म्हणाले. "ती रुग्णालयात आहे. विळीनं कापलेल्या हातानं तिनं जीभ धरली होती. तीच लागण तिलाही झाली आहे."

हवालदारानं श्रीपतचा दंड धरला. रिद्धीनं तेव्हा कुठे तोंड उघडलं.

"मी सही केली," ती म्हणाली. "तक्रारीवर. भाऊजी, तुम्ही म्हणालात, सही कर, म्हणून मी वहिनींवर सही केली."

हवालदारानं श्रीपतला गाडीत घातलं. खोटा पुरावा ठेवला, एवढं तर त्याच्यावर सहज लागत होतं. गप्प बसण्याला कायद्यात काय म्हणतात, ते वकील ठरवणार होते. डाबऱ्यांना मनातून काय म्हणायचं ते त्यांनी केव्हाच म्हणून टाकलं होतं.

तपासणीचा कागद दुसऱ्या दिवशी आला. लाळेत विषाणू होता. मानेच्या कातडीतही होता. डॉक्टर निधी व्हरांड्यात डाबऱ्यांची वाट बघत उभ्या होत्या.

"काही उपाय?" डाबऱ्यांनी विचारलं.

"नाही."

"मुंबईला नेलं तर?"

"कुठंही नेलं तरी. लक्षणं सुरू झाली की आपल्या हातात काही राहत नाही. जगात बोटांवर मोजण्याइतके वाचलेत. तिचं हृदय आत्ताच ठोके चुकवतंय. झोपेचं औषध चालू केलंय, त्रास कमी होईल. शुद्ध येते अधूनमधून. वारा लागू देऊ नका. आणि पाणी दाखवू नका."

डाबऱ्यांच्या खिशात कोर्टाचा हुकूम होता. मथुरा भोईर यांची सुटका. त्यासाठी त्यांनी सकाळपासून तीन खोल्यांत उंबरे झिजवले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातातला कागद इतका लवकर झाला होता. तो आता कुणाला दाखवायचा, हे त्यांना कळत नव्हतं.

रिद्धी खोलीबाहेर उभी होती. हातात कापडी पिशवी. दंडावर इंजेक्शनाची पट्टी.

"मी हात लावला तर चालेल?" तिनं निधींना विचारलं.

"हातमोजे घालून."

खोलीत पडदे ओढलेले होते. मथुराबाईंचे डोळे उघडे होते आणि वाहत होते. जागृती उशाशी बसून त्यांच्या हनुवटीवरची लाळ टिपत होती. तिची रजा होती, तरी ती आली होती.

"मथुराबाई," डाबरे वाकून म्हणाले, "तुम्ही काही केलं नाही. कोर्टानं सोडलं तुम्हाला. तुम्ही सुटलात."

मथुराबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग ओठ हलले.

"मंग घरी नेता ना, सायबा?"

डाबऱ्यांनी शब्द दिला होता. ते खाटेचा दांडा धरून उभे राहिले.

रिद्धी पुढं झाली. तिनं पिशवी चादरीवर उपडी केली. वालाच्या शेंगा होत्या, वाफ्यातून ओरबाडून आणलेल्या, काहींना पानं तशीच. तिला वहिनींची माफी मागायची होती. गाडीत बसल्यापासून ती मनातल्या मनात शब्द जुळवत होती. पण तिनं फक्त मोज्यातला हात त्यांच्या हातावर ठेवला.

मथुराबाईंनी तो हात बाजूला सारला. एक शेंग उचलली. अंगठ्यानं शिवण उकलली आणि आतले दाणे चादरीवर पाडले. त्यातला एक त्यांनी दोन बोटांत दाबून बघितला. दाणा दबला नाही.

"जून झाल्या," त्या रिद्धीला म्हणाल्या. "मी सांगत होते."